नानांच्या पलंगाखालची जागा

यंत्राचे पाय पलंगाखाली जाईनात. मी पुन्हा ढकलले, पुन्हा आपटले. पलंगावर आडवे असलेले नाना समाधानाने म्हणाले, "लागला खडकाला?"

गावाचे नाव राई. नानांनी जन्मभर मासेमारी केली. लकव्याने डावी बाजू गेली. जीभ शाबूत राहिली. रुग्णांना उचलणाऱ्या यंत्रांचा मी सर्व्हिस इंजिनिअर. निवृत्तीनंतरही कंपनी मला बोलावते, कारण ग्राहकांच्या शिव्या ऐकायला तिला वयस्कर माणूस लागतो.

या यंत्राला पेशंट लिफ्ट म्हणतात. नाव भारदस्त, तत्त्व साधे. रुग्णाच्या अंगाखाली मजबूत कापडाची झोळी सरकवायची. तिला स्लिंग म्हणतात. तिचे पट्टे वरच्या दांड्याला अडकवायचे. बटण दाबले की माणूस झोळीसकट वर उचलला जातो आणि व्हीलचेअरवर अलगद उतरवता येतो. मात्र यंत्र कलंडू नये म्हणून त्याचे दोन लांब पाय पलंगाखाली जावे लागतात. नानांच्या पलंगाखाली जागाच नव्हती. तो बॉक्सचा दिवाण होता. जमिनीपर्यंत प्लायवूड, आत सामान.

आधी नानांचा मुलगा हेमंत त्यांना काखेत धरून उचलत असे आणि सून प्रतीक्षा पाय धरत असे. एकदा तिघेही कोसळले. हेमंतच्या कमरेत चमक भरली; डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. तेव्हापासून नाना पलंगावरून हलले नव्हते. पाठीवर लाल चट्टा उमटला होता. असा चट्टा फुटला की त्याची जखम होते, आणि ती सहजासहजी भरत नाही.

मी आमचे मालक केतनभाई यांना फोन लावला.

"माप कोणी घेतले होते?"

"आपल्या सेल्सवाल्याने. दरवाजा मापला, पेशंटचं वजन लिहिलं. सगळं बरोबर आहे काका."

"पलंगाखालची जागा?"

"ते राहिलं वाटतं. त्यांना हॉस्पिटल बेड घ्यायला सांगा ना. तो पण आपण विकतो."

"खोलीत मावणार नाही."

"मग सही घेऊन निघा. मशीन डिलिव्हर झालं ना?"

"मशीन पोचले. माणूस पलंगावरच आहे," असे म्हणून मी फोन ठेवला.

उपाय एकच होता. दिवाणाच्या बाजूची फळी तळाशी कापायची आणि यंत्राचे पाय त्या फटीतून आत घालायचे. त्यासाठी आतले सामान काढणे भाग होते. मी तसे सांगताच नानांचा चेहरा बदलला.

"बॉक्सला हात लावायचा न्हाय."

"नाना, तुमच्यासाठीच चाललंय हे," हेमंत म्हणाला.

"मना न्हाय बसायचं खुर्चीत. मी काय घोल मासा हाय, काट्याला टांगायला?"

"घोळीला भाव येतो," मी म्हणालो. "तुम्हाला टांगून आम्हाला काही मिळणार नाही."

प्रतीक्षा हसली. नाना हसले नाहीत. मी हेमंतला सुतार आणायला पाठवले आणि प्रतीक्षाला चहा टाकायला सांगितले. खोलीत आम्ही दोघेच उरलो.

"आत काय आहे?"

नानांनी दाराकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, "जाली हायेत. होडी इकली तवा पोराला बोललो, जाली पन देऊन टाकली. भायेर दिसली तं भंगारात जातील."

खोलीत एक उग्र वास होता. तो मला आल्यापासून जाणवत होता.

"घरच्यांना वास कसा येत नाही?"

"येतो. समद्यांना वाटतं, माजाच हाय."

मी कामाचे बोललो. "जाळी दारापुढच्या ओट्यावर ठेवू. तुम्ही समोर बसून राखण करा. त्यासाठी तिथवर पोचावे लागेल."

नानांनी यंत्राकडे पाहिले. "टांगा," ते म्हणाले.

हेमंत सुताराला घेऊन आला. सुताराने फळी कापली, आत हात घातला आणि चटकन मागे घेतला. "चाचा, अंदर कुछ मर गया है क्या?"

जाळी बाहेर निघू लागली. प्रतीक्षाने पदर नाकाला लावला. "नाना! म्हणजे हा वास जाळ्यांचा? आणि मी रोज दोन-दोनदा तुमचं अंग पुसतेय, कापूर जाळतेय!"

"फुकटात अंग पुसून मिलतं, त्याला कोन न्हाय बोलल?"

कमरेला पट्टा बांधलेला असूनही जड जाळे ओढायला हेमंत वाकला. मी त्याला थांबवले. जाळी सुताराने ओट्यावर नेली.

यंत्राचे पाय आत गेले. नानांना कुशीवर वळवून आम्ही झोळी सरकवली. हेमंत यंत्राच्या चाकांना ब्रेक लावू लागला. मी नको म्हणालो. ब्रेक खुर्चीला लावायचा. यंत्राची चाके मोकळी ठेवायची, म्हणजे भार येताच ते आपला तोल आपण साधते. मी बटण दाबले. नाना वर उचलले गेले. डोळे मिटलेले, उजव्या मुठीत पट्टा.

"पडन कं?"

"नाही."

ते खुर्चीत बसले. प्रतीक्षाने खुर्ची ओट्यावर नेली. जाळ्यांचा ढीग समोर होता. नानांनी आधी तो नीट पाहून घेतला, मग गल्लीकडे नजर टाकली आणि ढिगाजवळ आलेल्या पहिल्याच शेजाऱ्याला त्याच्या बापासकट हाक मारली.

केतनभाईंचा फोन आला. "सही मिळाली?"

"मिळाली."

"कस्टमर खूश?"

"शिव्या देतो आहे."

"अरे! मग प्रॉब्लेम काय आहे?"

"काही नाही. सगळे ठीक चालले आहे."

तेव्हापासून मी मापाची टेप आधी पलंगाखाली घालतो. पलंगाच्या आत काय आहे, तेही विचारतो. हा दुसरा प्रश्न मात्र घरच्यांना बाहेर पाठवून.