वाचण्याआधीचं कौतुक

नोकरी-धंद्यातल्या माणसांची जी एक साइट आहे, जिथे कोणाचाही सोमवार कधी वाईट जात नाही, तिथे मी ब्लॉग लिहिते. फ्रीलान्स लेखिकेला ते करावंच लागतं. दुकान नाही, पाटी नाही, मग गिऱ्हाइकाला कळणार कसं की मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीत बसून एक बाई कंपन्यांची माहितीपत्रकं, वेबसाइटचा मजकूर आणि मोठ्या साहेबांची भाषणं लिहून देते? तेव्हा लिहायचं. इंग्रजीत लिहायचं, एका ओळीत एकच वाक्य घ्यायचं, खालची ओळ मोकळी सोडायची आणि शेवटी वाचणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा. सुरुवातीला मला याचं हसू यायचं. आता वाण्याला सामान सांगतानाही मी तशीच एकेका वाक्यानंतर थांबते.

अंधेरीतली नोकरी सोडली तेव्हा पहिला लेख लिहिला होता. त्यात विशेष काही नव्हतं. राजीनाम्यानंतर आमच्या इमारतीखालचा रस्ता मी पहिल्यांदा कामाच्या दिवशी भर दुपारी पाहिला. भाजीवाली गाडीच्या सावलीत आडवी झाली होती, कुठून तरी कुकरची शिट्टी ऐकू येत होती, आणि मला वाटलं की ही दुपार आता माझी आहे. त्या दुपारपुरतं ते खरंही होतं. लेख तुफान चालला. ओळखदेख नसलेली माणसं लिहायला लागली की तुमच्यामुळे हिंमत आली. मग मी बॉसबद्दल लिहिलं, मीटिंगांबद्दल लिहिलं, रजेचा अर्ज करावा न लागण्याबद्दल लिहिलं. कामंही त्या लेखांमुळेच यायची. नोकरी न करणं हाच माझा धंदा होऊन बसला.

घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबांनी सगळी हयात एका सरकारी कचेरीत काढली. मी राजीनामा दिला त्या आठवड्यात ते माझ्याशी धड बोलले नव्हते. जेवायला बसायचे, ताटाकडे बघायचे आणि उठायचे. कोणीतरी गेल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. मग त्यांनी माझा तो पहिला लेख वाचला आणि त्याखाली परदेशातल्या कुठल्याशा कंपनीच्या उपाध्यक्षाने लिहिलेलं कौतुकही वाचलं. "एवढी मोठी माणसं म्हणतायत म्हणजे काहीतरी असेल," असं ते म्हणाले आणि तेव्हापासून जेवायला लागले. पुढे माझा प्रत्येक लेख ते संध्याकाळी बागेतल्या आपल्या मित्रमंडळींना वाचून दाखवायला लागले. साहेबाला 'नको' सांगून आलेली मुलगी, असं माझं तिथे नाव झालं.

लेख चालायचे कसे, तेही सांगते. आमचा एक ग्रुप आहे. त्यात माझ्यासारखे फ्रीलान्सर, घाटकोपरची एक आहारतज्ज्ञ, विम्याचं काम करणारा एकजण आणि बोरिवलीचा एक करिअर कोच. कोच ग्रुपचा ॲडमिन. साइटचं म्हणे असं आहे की लेख टाकल्यावर पहिल्या तासात खाली खूप कमेंट आल्या तर साइट तो लेख आणखी लोकांना दाखवते. म्हणून नियम असा की कोणी लिंक टाकली की बाकीच्यांनी तासाच्या आत जाऊन कमेंट करायची. नुसते टाळ्या वाजवणारे हात चालणार नाहीत, पूर्ण वाक्य पाहिजे. आणि ज्याचा लेख त्याने प्रत्येकाला उत्तर द्यायचं, म्हणजे कमेंटची संख्या आपोआप दुप्पट. बायका भिशी लावतात ना, तशी ही कौतुकाची भिशी. फरक एवढाच की भिशीत आलेले पैसे निदान मोजून घेतात. इथे कोणी कोणाचा लेख वाचत नाही. वाचत बसलं तर तास निघून जातो.

हे सगळं सुरळीत चालू असताना मला नोकरी हवीशी वाटायला लागली.

कारण मोठं नव्हतं. गॅलरीत बसून बसून मी कंटाळले होते. कामाच्या माणसांचे आवाज फक्त फोनवर, आणि तेही 'जरा अजून धमाल करा ना मॅडम' एवढंच सांगायला. मला दुपारी कोणाबरोबर तरी डबा उघडायचा होता. कोणाची तरी भेंडी आवडीने संपवायची होती. साहेबाबद्दल वैतागायचं होतं, आणि त्यासाठी साहेब लागतो. मी अर्ज करायला लागले. अंधेरीच्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं, तेव्हा मी जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याने बसने गेले, आणि काचेच्या खोलीतल्या मुलीने माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. "मॅम, मी तुमची खूप मोठी फॅन आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही इथे रमणार नाही ना. तुम्ही किती फ्री आहात यार." मी म्हटलं, मला रमायचं आहे. ती हसली. तिला वाटलं मी नम्रपणे बोलतेय.

दुसरीकडेही तेच. माझे लेख माझ्या आधी पोचलेले असायचे. लिहिणं थांबवावं तर कामं थांबणार, आणि लिहीत राहावं तर नोकरीचं दार आणखी घट्ट लागणार. मला स्वतःचाच राग यायचा, आणि त्याहून जास्त त्या भाजीवालीच्या सावलीचा.

शेवटी एका सकाळी सरळ लिहून टाकलं. मला एकटीने काम करायचा कंटाळा आला आहे. माझं चुकलं असं नाही, पण आता मला नोकरी हवी आहे. मी वेळेवर येईन, रजेचा अर्ज करीन, मीटिंगमध्ये झोपणार नाही. कोणाकडे जागा असेल तर कळवा. ओळी मोकळ्या सोडल्या नाहीत, प्रश्न विचारला नाही. आणि मग सवयीने, अगदी बेसिनपाशी गेल्यावर नळाकडे हात जातो तसा, लिंक ग्रुपवर टाकली.

चहाचा कप विसळेपर्यंत कौतुक सुरू झालं. विमावाला म्हणाला, 'सो इन्स्पायरिंग!' आहारतज्ज्ञ म्हणाली, 'तुझं हे स्वातंत्र्य बघून रोज नवी ऊर्जा मिळते.' कोचने तर परिच्छेदच लिहिला होता: नोकरीची बेडी तोडायला धैर्य लागतं, आणि ते या बाईकडे आहे, हे प्रत्येकाने वाचावं. मग बाहेरची माणसं आली. त्यांनी वर माझं नाव पाहिलं, खाली कमेंट पाहिल्या आणि त्याच सुरात सूर लावला. एका मुलाने लिहिलं, उद्याच राजीनामा देतो. मी कपाळाला हात लावला. त्याला लिहिलं, बाबा रे, देऊ नकोस, लेख परत वाच. त्यावर त्याने हसणारे चेहरे पाठवले.

मी कोचला फोन केला. "अहो, तुम्ही वाचलंत का काय लिहिलंय ते?"

"अरे, काय बोलतेस? झकास लिहिलंयस. रीच बघ ना, किती लोकांपर्यंत चाललाय."

"मी नोकरी मागितलीये त्यात."

तो म्हणाला, "हां, म्हणजे ते उपरोधाने ना? भारी आहे. बरं ऐक, तू अजून कोणालाच रिप्लाय दिला नाहीयेस. तासाच्या आत दे गं, नाहीतर सगळ्यांची मेहनत वाया जाते."

मी बसले आणि एकेकाला थँक यू लिहीत गेले. का लिहिलं ते अजून मला नीट सांगता येत नाही. नियम होता, आणि पुढच्या लेखाला हीच माणसं लागणार होती. दुपारी अंधेरीच्या त्या काचेच्या खोलीतल्या मुलीचा निरोप आला. माझा आजचा लेख ऑफिसात सगळ्यांना फार आवडला होता. त्यांच्या स्टाफपुढे साहेबाशिवायचं आयुष्य या विषयावर मी तासभर बोलेन का, असं तिने विचारलं होतं. मला त्या ऑफिसात जाण्यासाठी एवढीच एक वाट उघडी होती. मी फोन गादीवर फेकला. फोडायला जमिनीवर फेकावा लागतो, आणि तेवढी चैन मला परवडणारी नव्हती.

संध्याकाळी बाबा बागेत जायला कपडे करून तयार होते, पण गेले नव्हते. पलंगाच्या काठावर, चष्मा नाकावर आणून, फोन दोन्ही हातांत धरून बसले होते. ते काहीही वाचतात ते कचेरीतला कागद वाचावा तसं, वरून खालपर्यंत, मधली ओळ न गाळता.

"ये जरा," ते म्हणाले. "तुला परत नोकरी करायची आहे?"

दिवसभरात तो प्रश्न मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारला होता. हो म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. राजीनाम्याच्या आठवड्यातला तोच चेहरा, ताटाकडे बघणारा. मुलीचं काहीतरी बिनसलंय आणि आपल्याला पत्ताच नव्हता, असा.

"नाही हो बाबा," मी म्हटलं. "तिथे असंच लिहायचं असतं. थोडं रडगाणं गायलं की लोक जास्त वाचतात."

"असं होय." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मला ते अगदी खरं वाटलं गं."

"वाटायलाच पाहिजे. तेच तर माझं काम."

ते हसले. इतके मोकळे हसले की खरं काय ते सांगायचं राहूनच गेलं. मग पुन्हा फोनवर वाकून खालच्या कमेंट वर सरकवत राहिले.

"सगळ्यांनी काही ना काही लिहिलंय," ते म्हणाले. "मीच कधी लिहिलं नाही. सांग, काय लिहू?"

'सो इन्स्पायरिंग,' मी सांगितलं, आणि बाबांनी एकेक अक्षर शोधत ते लिहिलं.