अंगी लागलेली सुकडी

छबूचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. आधी विहिरीवर नंबर, मग जातं, मग भाकऱ्या. बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डी तालुक्यात आमच्या गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं. उजाडताच तिथं हजर राहावं लागे. छबू सोळा वर्षांची होती. आईनं, बनुबाईनं, हजेरीला वय अठरा सांगितलं होतं. बाप नव्हता. घरी दोन धाकटे भाऊ.

मी छबूच्याच टोळीत खोदायला होतो. छबू मातीची पाटी वाहायची. आली तेव्हा अंगानं काटकी, पण ओझं कसं उचलायचं ते तिला कळत होतं. कमरेतून वाकायची नाही. गुडघ्यात बसून मांड्यांच्या जोरावर उठायची. भरावावर चढताना थांबायची नाही. दंड बारीक, पण पीळदार.

दुपारी कामावर सुकडी मिळे. भाजलेलं पीठ आणि गूळ, कोरडंच. घरी मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी आणि मिरचीचं पाणी. बनुबाई भरावाच्या पलीकडच्या टोळीत होती. लेक काय खाते ते तिला दिसत नव्हतं.

होळीच्या सुमाराला छबूचं तोंड भरलं. बांगड्या रुतायला लागल्या. सुट्टी झाल्यावर आमच्या टोळीतली मुक्ताबाई म्हणाली, "बनुबाई, लेकीला सुकडी चांगलीच अंगी लागली गं. आमी काय माती खातो व्हय?"

"दिष्ट लावू नगंस," बनुबाई म्हणाली, पण हसत होती. "उन्हाळ्यात दाखवायची हाय तिला. अंगावर मांस दिसाया पायजे."

"मग आधी कासाराकडं ने. बांगड्या कापाया लागत्याल."

अंग भरलं तर ताकद वाढायला हवी. छबूचं उलटं झालं होतं. अर्ध्या भरावावर पाटी टेकायची, धापा टाकायची. सहादेव मुकादम ओरडायचा, "ए जाडे, खाती तेवढं वाहा की!" सगळे हसायचे. ती पाटी उचलायची.

एका दुपारी ती पाटीच्या कडेला नडगी टेकून बसली होती. बनुबाई पाणी घेऊन आली. छबू उठली तेव्हा नडगीवर खोल चर दिसला.

"ह्ये काय गं?"

"बसल्याचा वळ हाय, आई."

बनुबाईनं अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. सासऱ्याच्या शेवटच्या दिवसांत तिनं असे पाय पाहिले होते. तिनं दुसरा पायही दाबून पाहिला.

कामावर डॉक्टर यायचे. त्यांनी पाय पाहिले, पापण्या ओढून पाहिल्या. "बाई, हे मांस नाही. पाणी साचलंय. पोटात काही कसदार जात नाही आणि वरून हे कष्ट. वाढतं वय आहे. ही खाते काय?"

"सुकडी खाती की रोज!"

छबूनं मान खाली घातली.

"खरं सांग," डॉक्टर म्हणाले.

"घरी नेती, आईच्या माघारी देती. दोघांस्नी लई आवडती."

"आन तू?" बनुबाईनं विचारलं.

"भाकर हाय की मला."

बनुबाईचा हात उठला होता. तो तिनं लेकीच्या डोक्यावर ठेवला. डॉक्टरांनी डाळ, दूध, अंडी सांगितली. मग बनुबाईकडं पाहून म्हणाले, "निदान सुकडी तरी हिच्या पोटात जाऊ द्या. आणि काही दिवस ओझं बंद."

छबू परत कामावर आली तेव्हापासून दुपारी बनुबाई आमच्याकडं येऊन तिच्यासमोर बसे. "गीळ. पुरती गीळ. पोरांस्नी माझ्यातली नेईन." शेवटचा घास जाईपर्यंत उठायची नाही.

सूज उतरली आणि छबू काडी झाली. गालाची हाडं वर आली. मुक्ताबाईनं विचारलं, "अगं, उपाशी मारती का काय पोरीला?"

"पाणी उतरलंय," बनुबाई म्हणाली. "आता भरंल ते खरं."

बघायला आलेली माणसं पोरगी हडकुळी म्हणून परत गेली. बनुबाईनं त्यांना अडवलं नाही. छबू अजून भरावावर थांबत होती, पण पाटी खाली न टेकता, उभ्यानं श्वास घेऊन पुढं निघायची.

लग्नासाठी दोघींनी पगारातून मागं टाकलं होतं. त्यातून बनुबाईनं तिसगावच्या बाजारात दुभती शेळी घेतली.