मोकळा रस्ता शोधणारे दोन सायकलवाले

मंडळी, आज दिवस कलताना निरगुडसरजवळ आमच्या शेताकडच्या कच्च्या रस्त्यावर एक पोरगा आन् एक पोरगी दिसली. जाड टायरच्या सायकली, डोक्यावर हेल्मेट आणि मोबाईलवर आमच्या रानाचे फोटो. मला वाटलं, जमिनीचे दलालच!

"काय पावणं, कुणाची जमीन बघताय?"

"जमीन नाही काका. नदीच्या काठाकाठानं, गाड्या नसलेले रस्ते शोधतोय. सायकलसाठी."

नुसती सायकल चालवायला इतक्या लांब कोण येतं राव? गाव, धंदा, सगळं खोदून विचारलं. मला काय पटलं न्हाई.

तेवढ्यात ती दोघं उसाकडं वळली आणि मी ओरडलो. "अहो, तिकडं नका जाऊ! उसात बिबट्या हाय, म्हणून तर रस्ता मोकळा असतोय!"

पोरगी हसली. "आम्हाला हाकलायला आता बिबट्या काढला का काका?"

एवढी उलटतपासणी घेतल्यावर माझं कोण ऐकणार? मग मोटरसायकल काढली आणि डांबरी रस्ता लागेपर्यंत हॉर्न वाजवत त्यांच्या मागं गेलो. शांततेसाठी आलेली बिचारी, वैतागली असतील.

त्यांचा संशय फिटला नसेल. खरं सांगू, माझाही फिटला न्हाई. पण तुमच्याकडं असं कुणी आलं, तर आधी बिबट्याचं सांगा. जमिनीचं मागनं विचारा.