काचेच्या बदल्यात काच

नव्वदच्या दशकाअखेरीस विद्यापीठाच्या ग्रंथालयात स्कॅनर आला आणि जुन्या घरांतल्या पोथ्या, फोटो मिळवून ते संगणकात साठवायचं काम माझ्याकडे आलं. भोसले घाटाजवळ राहणाऱ्या एका काकूंनी काकांच्या काचेच्या निगेटिव्ह द्यायचं कबूल केलं होतं. काका फोटोग्राफर; हयातभर त्यांनी काशीतल्या मराठी घरांचे फोटो काढले.

न्यायला गेले, तर काकू दारातच उभ्या.

"अगं, पुतण्यानं सफाई काढली. पेट्या सकाळीच रामनगरला गेल्या, फ्रेमवाल्याकडे. तो काच धुऊन वापरणार म्हणे!"

चित्र काचेवरच्या पातळ थरात असतं. सोड्याच्या गरम पाण्यात तो थर सायीसारखा सुटून येतो.

काकूंना रिक्षात बसवलं. थंडीत गंगेवर पिंपांचा तरंगता पूल असतो, त्यावरून रामनगरला पोचलो. दुकानामागच्या अंगणात टबातून वाफ निघत होती आणि फ्रेमवाला काच घासत होता. पाण्यावर काळपट पापुद्रे तरंगत होते.

"भैया, रुकिए!" मी ओरडले.

"मैंने काँच ख़रीदा है, बहनजी, फोटो नहीं. शाम को फ्रेमें देनी हैं."

त्याचंही चूक नव्हतं. बाजारबंदीचा दिवस, दुसरी काच तो आणणार कुठून?

"साफ काँच मैं ला दूँ तो?"

त्यानं ब्रश खाली ठेवला. "खाना खाने तक रुकूँगा. बस."

काकू उरलेल्या पेटीवर जाऊन बसल्या. "तू जा. मी इथून हलत नाही."

माझं घर पुलापलीकडे, काशीच्या बाजूला होतं. पुस्तकांच्या कपाटाच्या, भिंतीवरच्या तसबिरींच्या, मिळतील तेवढ्या काचा काढल्या आणि चादरीत गुंडाळून मांडीवर घेतल्या. पुलाच्या फळ्यांवर रिक्षा आदळत होती. मध्येच चादरीतून कट्‌ असा आवाज आला. उघडून बघायचा धीर झाला नाही.

फ्रेमवाल्यानं तडकलेली काच बाजूला ठेवली आणि काच कापायच्या हिरकणीनं बाकीच्या मापात कापल्या. मग म्हणाला, "चार कम हैं."

मी गयावया केली. तो मान हलवत राहिला.

काकूंनी पेटी उघडली. एकेक काच उन्हाकडे धरून पाहिली आणि चार वेगळ्या काढल्या. मी वाकून बघितलं. चारही काचांवर एकच तरुण बाई, नऊवारीतली.

"काकू, या तर तुमच्या!"

"मग? मी आहे अजून. बाकीचे गेले."

"पण काकांनी काढलेल्या..."

"माझ्या आहेत, म्हणून देते. दुसऱ्यांच्या मी कशा देऊ?"

त्यांनी स्वतःच त्या फ्रेमवाल्याच्या हातात दिल्या. तो क्षणभर घुटमळला, मग टबाकडे वळला. काकू पेटीला दोरी बांधत राहिल्या.

पुढे काही महिने मी त्या काचा स्कॅन केल्या. कडेनं थर सुटलेली काच उचलताना श्वास रोखून धरावा लागे. एके दिवशी काकू ग्रंथालयात आल्या. राजा घाटावर ओळीत बसलेले वेदपाठशाळेचे विद्यार्थी पडद्यावर उमटले, तशी त्या बोट ठेवून नावं सांगू लागल्या आणि मी लिहून घेऊ लागले. मध्येच मी म्हटलं, "काकू, संग्रहासाठी तुमचा एक फोटो काढू या ना."

"आता कशाला?" त्या म्हणाल्या. "पुढचा दाखव."