ह्यांचे हात आणि माळशेज घाट

आमचे हे, म्हणजे सीताराम राणे. बावीस वर्षं परळच्या कारखान्यातून आमच्या मंडळाचा गणपती लालबागला आणायचा तो ह्यांनीच. पुढे ट्रॅक्टरवर हे, मागे ट्रॉलीवर वीस फुटी बाप्पा, आणि वरच्या वायरी उचलायला बांबू घेतलेली पोरं. त्या दिवशी ह्यांचा तोरा बघावा! घरात स्वतःचा कप उचलून मोरीत ठेवणार नाहीत, पण मूर्तीचं बोटसुद्धा कुठे घासू द्यायचे नाहीत.

दोन वर्षांपूर्वी चिंचपोकळीच्या उतारावर ट्रॉली सरकली आणि चाक आमच्या शेजारच्या अवधूतच्या पावलावरून गेलं. अवधूत चार महिन्यांत बरा झाला, पुन्हा क्रिकेट खेळायला लागला. हे काही बरे झाले नाहीत. "माझा हात थरथरला, मालन," एवढंच म्हणाले आणि नोकरीतला टेम्पोही सोडला. कंपनीच्या गोडाऊनात पार्सलांवर पत्ते चिकटवत बसायला लागले. जेवताना मध्येच हात पुढे धरून बघायचे, हलतोय का. मला संताप यायचा. आणि मोरीत जाऊन मी रडायचेही.

आमची अक्षता डोळे तपासते, एका ट्रस्टमध्ये. त्यांनी परळला एक कॅरव्हॅन बनवून घेतली. चाकांवरची खोलीच ती, मधोमध दोन चाकं, जीपच्या मागे अडकवून न्यायची. ओतूरला शिबिर होतं, गाडी आदल्या दिवशीच तिथे पोचायला हवी, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी ड्रायव्हर तापाने आडवा. अक्षता सरळ बापासमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, तुम्ही चला. ओढायची कामं तुमच्याएवढी कुणी केलीत?"

मी म्हटलं, "डोकं फिरलंय का तुझं?"  पण हे उठले आणि चप्पल घालून सामान भरून घ्यायला गेले. जड बॅटऱ्या, चष्म्यांचं लोखंडी कपाट, सगळं स्वतः उभं राहून पार मागे लावून घेतलं. मूर्तीच्या चारचाकी ट्रॉलीचा तोच नेम, पुढे हलकं ठेवायचं, म्हणजे दांडी वळवताना पोरांना जोर लागत नाही.

सकाळी सहाला निघालो. मीही बसले, म्हटलं काय व्हायचं ते तिघांचं होऊ दे. कल्याणपर्यंत आमची मिरवणूकच! मागून हॉर्नवर हॉर्न, आणि ह्यांचा काटा वीसच्या पुढे जाईना. मुरबाडच्या बाजारात वर एक वायर दिसली तर भर रस्त्यात ब्रेक मारून ओरडले, "ए, वायर घे रे!" कोण घेणार? कोथिंबीर विकणारी बाई नुसती बघत राहिली. अक्षता हसून हसून लाल झाली. हेही हसले. दोन वर्षांनी ह्यांचे दात दिसले मला.

"बाबा, आता जरा पळवा," अक्षता म्हणाली. मुरबाड मागे पडलं होतं, रस्ता मोकळा होता. ह्यांनी पन्नासवर नेली. एक उतार आला आणि मागची खोली डावी-उजवी झुलायला लागली. जीपही तिच्यासोबत हलायला लागली. समोरून ट्रक येत होता. मी देवाचं नावसुद्धा विसरले. ह्यांनी हळूहळू वेग सोडला आणि टोकावड्यात एका चहाच्या टपरीसमोर गाडी उभी केली. उतरले, हात पुढे धरले. दोन्ही थरथरत होते.

"बघितलंस? गेले माझे हात. अक्षता, दुसरा माणूस बोलाव. मी घाट चढणार नाही."

  टपरीवाली शेवंतीबाई चहा गाळता गाळता आमच्या गाडीकडेच बघत होती. म्हणाली, "अवो दादा, गाडी उलाळलीय की तुमची! सगळा भार मागं घातलाय का?"

बघतो तर खरंच. खोली शेपटीवर बसलेली, आणि जीपचं बूड वर उचललेलं.

"बैलगाडीत मागं जास्त भरलं की जू असंच वर जातं," शेवंतीबाई म्हणाली. "उलाळलेली गाडी कुणाला आवरती? तुमी आवरली हेच लई झालं."

"म्हणजे... हात नव्हे?" ह्यांनी विचारलं. लहान पोर विचारतं तसं.

"हाताला काय धाड भरलीय? चहा घ्या."

बॅटऱ्या आणि कपाट चाकांच्या पुढे सरकवायला अर्धा तास गेला. टपरीवरच्या माणसांनी हात लावला. मग माळशेजची चढण सुरू झाली, वळणावर वळण, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि खोली शहाण्या बाळासारखी मागून येत होती. माझ्या छातीवरचा दगड कुठल्या वळणावर पडला मला कळलंच नाही. हे चक्क शीळ घालत होते.

चारला ओतूरला पोचलो. शाळेच्या मैदानात, झाड आणि भिंत यांच्यामध्ये, ह्यांनी ती खोली उलटी नेऊन एका फटक्यात लावली. अक्षता आत मशीन मांडायला गेली. आम्ही दोघं पायरीवर बसलो.

"यंदा मंडळात सांगून ठेवू या," हे म्हणाले. "बाप्पा मी आणतो म्हणून."

आता मात्र मला राहवेना. म्हटलं, "रागावणार नसाल तर सांगते. गेल्या वर्षी पोरं तुम्हाला बोलवायला आली होती. मीच दारातून परत पाठवली. म्हटलं, ह्यांना आता जमणार नाही."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"पडद्यामागे उभा होतो गो. तू नाही म्हणालीस आणि मला एवढं बरं वाटलं, काय सांगू. त्याचीच लाज वाटायची. वर्षभर तुझ्याकडे नीट बघवत नव्हतं."

मला वाटलं होतं, ते माझ्यावर चिडलेत म्हणून बघत नाहीत. वर्षभर! मी त्यांचा हात धरला. तो गरम होता आणि अजून थोडा थरथरत होता, माझाही तसाच.

"यंदा पोरं आली की दार तुम्ही उघडा," मी म्हटलं.

"उघडतो," ते माझ्याकडे बघून म्हणाले.