फुटपाथाची कड

दिवाळीत घातलेले मागचे टायर उन्हाळ्याआधीच आतल्या बाजूने गुळगुळीत झाले, आता बोला! टायरच वाईट निघाले, असं मी सगळ्यांना सांगत होते. मिस्त्रींनी टायरवरून तळहात फिरवला, पोराचा ताप बघावा तसा, आणि म्हणाले, "काकू, टायर चांगले आहेत. चाकं वाकडी झालीत, म्हणून सरळ रस्त्यावरही घासत चालतात. गाडी मागे घेताना कुठे चढवता का?"

मी लेकाकडे बघितलं, लेकाने माझ्याकडे. आमच्या यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेतो. त्यांची चार पावलं वाचावीत म्हणून लेकाने गाडी उलटी फुटपाथावर चढवायची, हा हट्ट माझाच.

कुणाची पावलं वाचवायची म्हटलं की आपलंही काहीतरी वाकतंच बाई, झिजेपर्यंत कळत नाही. माझा खांदा हल्ली रोज ठणकतो, तो कुठल्या मिस्त्रीला दाखवू?

"चाकं सरळ करून देतो, पण आता चढवू नका हं."

"नाही हो," म्हटलं.

काल दवाखान्यापाशी यांनी फुटपाथाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लेकाने विचारलं, "आई?"

"हळू चढव," मी म्हटलं.