पेंढ्याची बाटली

आमच्या कोपरच्या चाळीतल्या दारूबंदीवाल्या महिला मंडळाची मी अध्यक्ष. शाळा चौथीपर्यंत, पण दारूचा वास मला भिंतीपलीकडून कळतो. नवऱ्याने शिकवलं. त्यामुळे एका सकाळी माझ्याच मोरीजवळून तो वास आला तेव्हा मी आधी मुलाचं तोंड हुंगलं. तो निर्दोष निघाला. वास नातीच्या बरणीतून येत होता.

"आजी, इंधन आहे ते," नात म्हणाली. कल्याणच्या तबेल्यातून तिने भाताचा पेंढा आणलेला. एक बुरशी त्या पेंढ्याची साखर करते, मग यीस्ट त्या साखरेचं इंधन करतं, गाडीत घालायचं. ठाण्याच्या कॉलेजात ते पेटवून दाखवलं तरच ती पास होणार होती.

"मग पेटव."

काडी लावली, ती विझली. त्यात पाणी फार आहे म्हणे. उकळून वाफ वेगळी धरायला लागते. तिने कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी बसवली आणि गार पाण्याच्या बादलीतून फिरवून बाटलीत सोडली. असल्या भट्ट्या मी स्वतः लाथेने उलथल्यात. आता तीच माझ्या ओट्यावर, आणि दारात मंडळाच्या बाया.

"मावशी, चाळभर वास सुटलाय," आमची सेक्रेटरी म्हणाली. "तुमच्याच नियमाने ओता आता मोरीत."

नात रडकुंडीला आली. "काकी, दारू नाहीये ती. हे बघा." तिने बाटलीतले थेंब वातीवर टाकून काडी लावली. निळी ज्योत झकास उभी राहिली.

"बघितलं," सेक्रेटरी म्हणाली. "आमचा म्हातारा पण असाच पेटवून बघायचा. चांगली असली की अशीच जळायची."

आमचाही तेच करायचा.

शेवटी मी निकाल दिला: परीक्षेपर्यंत बाटली मंडळाच्या ताब्यात. परीक्षेच्या दिवशी सेक्रेटरीने ती पदराखाली धरली आणि आम्ही सगळ्या ठाण्याच्या बसमध्ये चढलो. कंडक्टरने नाक वर करून वास घेतला, आमच्याकडे पाहिलं.

"मावशी, या वयात?"

"तू तिकीट फाड," मी म्हटलं.

कॉलेजात सरांनी विचारलं, "या सगळ्या कोण?"

"पहारेकरी," नात म्हणाली.

सरांनी ज्योत पाहिली, काय ते मोजलं आणि तिला पास केलं. उरलेली बाटली ठेवायची म्हणून ते कपाट उघडायला वळले, तोवर सेक्रेटरीने ती बेसिनमध्ये रिकामी केली होती.

"अहो बाई, हे काय केलंत?"

"नियम आहे आमचा," ती म्हणाली.

मी नळ सोडला, वास राहू नये म्हणून.